गच्चीवरची बाली

सर गच्चीवर नाचतात, ही बातमी मला आमच्या दूधवाल्याने दिली. देवपुरात माझं फोटो-फ्रेमचं दुकान आहे आणि सरांचं घर दुकानाच्या मागच्या गल्लीत. दूधवाल्याने कॅन खाली ठेवला, इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "ताई, तुमना सरले काहीतरी व्हयनं शे. सकाय सकाय गच्चीवर हात वर करी उभा ऱ्हातस आन् डोया फिरावतस." मी त्याला म्हटलं, काही झालेलं नाही, सर एका चित्राची तयारी करताहेत. त्याला ते पटलं नाही. पण सरांच्या हाताखालून गेलेल्या कोणालाही पटलं असतं.

सर म्हणजे आमच्या शाळेचे चित्रकलेचे शिक्षक. बुटकी मूर्ती, वरचा ओठ झाकणाऱ्या मिशा, आणि भर उन्हाळ्यातही अंगात जाकीट, कारण त्याला खिसे भरपूर. त्यांचं सगळं शास्त्र चार शब्दांत मावायचं: "आधी हो, मग काढ." माठ काढायचा असेल तर आधी माठ व्हायचं. कडुनिंब काढायचा तर आधी कडुनिंब. आठवीत एकदा आमचा अख्खा वर्ग फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन, मान आत ओढून माठ होऊन बसला होता आणि नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. दारातूनच त्यांनी विचारलं, "या मुलांना शिक्षा केलीय का?" सर म्हणाले, "नाही साहेब, माठ आहेत. जरा हळू बोला, अजून कच्चे आहेत." हेडमास्तरांना घाम फुटला. साहेब मात्र भले निघाले. आत येऊन त्यांनी एका माठाला, म्हणजे मला, विचारलं, "काय बाळ, कसं वाटतंय?" मी म्हटलं, "साहेब, पोट मोठं झालंय आणि तोंड लहान." साहेब हसत हसत पुढच्या वर्गात गेले. त्या दिवशी काढलेला माठ अजून माझ्याकडे आहे. तो पाणी भरलेला दिसतो, आणि हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही.

खोडरबराशी त्यांचं उघड वैर होतं. वर्गात खोडरबर दिसला की तो खिडकीबाहेर जायचा. "रेघ मारलीस ना? मग आता तिच्याशी संसार कर," असं म्हणायचे. चुकलेल्या रेघेला हाकलायचं नाही, कामाला लावायचं. माझ्या बैलाला एकदा पाचवा पाय आला. मी रडकुंडीला आले. सर शांतपणे म्हणाले, "मग मागे दुसरा बैल उभा कर, त्याचा असेल तो." तशी माझ्या बैलाची जोडी झाली आणि ते चित्र शाळेच्या वार्षिक अंकात छापून आलं.

कोळसाही ते बाजारातला वापरत नसत. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात, त्या वाळल्यावर आमच्याकडे चुलीत जातात. सर कापसाच्या गावाहून येणाऱ्या पोरांना दप्तरातून पऱ्हाट्या आणायला सांगायचे. त्या बोटाएवढ्या तोडून पावडरच्या जुन्या डब्यात ठासायच्या, झाकण घट्ट लावायचं आणि डबा काकूंच्या चुलीच्या निखाऱ्यात पुरायचा. दुसऱ्या दिवशी आत चित्र काढायचा कोळसा तयार. दुकानातला कोळसा कागदावर नुसता काळा पडतो, पऱ्हाटीचा कोळसा बोलतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे सायकल होती, ती मात्र ते कधी चालवत नसत. पांझरेच्या पुलावरून ती हातात धरून चालत जायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "सायकलवर बसलं की रस्ता बघावा लागतो. मला माणसं बघायची असतात." मग सायकल कशाला? तर पिशवी अडकवायला.

काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, या सगळ्याला कधीच पुरून उरल्या होत्या. त्या शिरपूरकडच्या एका खेड्यातल्या, बोलणं अस्सल अहिराणी आणि जीभ तिखट. दूधवाल्याची बातमी घेऊन मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या वांगी भाजत बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्हैस काढी व्हती तवय यानाथून वाईट व्हतं, पोरी. चार दिन नुसता बशी ऱ्हायनात. हाक मारी तं फक्त मान हलाडेत. हाई नाचनारी बरी, उठी तं ऱ्हायनात."

ही नाचणारी देवपुरात आली कशी, ते सांगते. धरणगावला बी-बियाण्याचं दुकान असलेले एक भाऊ आहेत. त्यांची सासुरवाडी आमच्या गल्लीत. त्या वर्षी त्यांच्या दुकानातून कपाशीचं बियाणं दणकून खपलं आणि कंपनीने बक्षीस म्हणून सगळ्या मोठ्या दुकानदारांना बालीला फिरवून आणलं. भाऊ सोबत शेव, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आणि बरणीभर ठेचा घेऊन गेले. तिथल्या गाइडला त्यांनी प्रेमाने ठेचा चारला. गाइडच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्याने पुन्हा मागितला, आणि दोघांची अशी दोस्ती जमली की आल्यावरही रोज सकाळी एकमेकांना फुलांचे फोटो पाठवायचे. तिथे भाऊंनी देवळाच्या अंगणात नाच पाहिला आणि मोबाइलवर टिपला. डोक्यावर सोन्याचा मुकुट, मुकुटात खोवलेली पांढऱ्या चाफ्याची फुलं, काखेपासून पावलापर्यंत आवळून गुंडाळलेलं जरीचं वस्त्र, आणि डोळे असे टपोरे की मोबाइलमधूनही आपल्याकडेच बघताहेत. ती नाचणारी मुलगी त्या गाइडची भाची निघाली.

भाऊंचा धरणगावला नवा बंगला होत होता. ते माझ्या दुकानात मोबाइल घेऊन आले. "ताई, हाई बाई माले हॉलमा पाहिजे. मोठी. पन फोटो नको, फोटो तं बठ्ठासना घरमा शे. हातनी काढेल पाहिजे."

मी त्यांना सरांकडे घेऊन गेले. सर तेव्हा निवृत्त होते आणि, स्पष्टच सांगते, दुखावलेले होते. थोड्याच दिवसांपूर्वी शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला होता. त्यात सरांचाच एक विद्यार्थी, आता पुण्यात मोठ्या शाळेत कला शिकवतो, माइकवर सगळ्यांना हसवत म्हणाला, "सर आम्हाला माठ करायचे, झाड करायचे. मजा यायची, पण ते नाटक होतं. आता मी फोटो पडद्यावर टाकतो, मुलं त्यावरून गिरवतात, आणि चित्र तेच येतं. उलट लवकर येतं." लोक हसले. सरही हसले. पण त्या दिवसापासून त्यांनी कोळशाचा डबा उघडला नव्हता. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की जेवताना मध्येच थांबतात आणि विचारतात, "नाटक होतं का गं ते?"

भाऊंनी मोबाइल पुढे केला. सरांनी ती चित्रफीत एकदा पाहिली, मग पुन्हा, आणि मोबाइल परत देत म्हणाले, "हिचे पाय कुठायत?" भाऊंनी कमरेपासून वरचंच टिपलं होतं. "बिनपायाची बाई मी काढत नाही," असं सांगून सर आत निघून गेले. भाऊंनी लगेच गाइडला निरोप धाडला. दोन दिवसांत भाचीने घराच्या अंगणात, साध्या कपड्यांत नाचून पूर्ण चित्रफीत पाठवली. गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले, पावलांचे अंगठे वर उचललेले, कोपरं खांद्याच्या रेषेत, बोटं मागे वळून थरथरणारी, आणि मान जागच्या जागी असताना डोळे झपकन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात.

सरांनी ती पाहिली आणि त्यांच्या तोंडावर मला आठवीतले सर दिसले. म्हणाले, "काढतो. पण माझी एक अट आहे. चित्र भिंतीवर जायच्या आधी या मुलीला दाखवायचं. फोटोवरून गिरवलेलं आणि अंगातून आलेलं यातला फरक जिचं अंग आहे तिलाच कळेल. ती म्हणाली हा नाच आहे, तर आहे. ती म्हणाली नाही, तर मी ते तिथेच फाडणार. आणि मग त्या पुण्याच्या पोराला फोन करून सांगणार, तुझं बरोबर होतं, मी सगळी नोकरी पोरांना खोटं शिकवलं."

भाऊंना वाटलं, मास्तर बोलतात तसे बोलताहेत. मला माहीत होतं, सर करतील.

त्यानंतर गच्ची सुरू झाली. सर सकाळी बनियन आणि धोतरावर काकूंचा जुना शालू कमरेपासून आवळून बांधायचे, कारण पाय मोकळे असले की नाच खोटा होतो म्हणे. बोटं मागे वळावीत म्हणून तिळाच्या तेलाने चोळत बसायचे. शेजारच्या बाईने भिंतीवरून पाहिलं आणि काकूंना हाक मारून विचारलं, "काकू, सरना आंगमा देवी उनी का वं?" काकू म्हणाल्या, "उनी शे, पन परदेशनी शे. नारय नको, पासपोर्ट दखाड."

सगळ्यात वाईट तालीम डोळ्यांची. ती त्यांनी एसटीतही सोडली नाही. जळगावला एका लग्नाला आम्ही बरोबर निघालो होतो. सर खिडकीशी ताठ बसले आणि त्यांनी डोळे फिरवायला सुरुवात केली. एरंडोलपर्यंत समोरच्या बाईंनी दोनदा पदर सारखा केला आणि शेवटी जागा बदलली. कंडक्टर जवळ येऊन काळजीने म्हणाला, "बाबा, काही तरास व्हई ऱ्हायना का?" सर त्याच्याकडे मान न वळवता फक्त डोळ्यांनी पाहून म्हणाले, "जमलं का?" कंडक्टर मागे सरकला. मी तेवढा वेळ दुसऱ्याच कोणाबरोबर आल्यासारखी बाहेर बघत होते.

काकूंना हसू येत होतं, पण त्यांची खरी काळजी वेगळी होती. सरांचा डावा गुडघा जुना अधू. शाळेत स्नेहसंमेलनाचा पडदा बांधताना स्टुलावरून पडले होते, तेव्हापासून तो पूर्ण वाकायचा नाही. नर्तकीसारखं उभं राहायचं म्हणजे सगळा खेळ गुडघ्यांवर. "गुडघा गया तं तुमले कोन उचली?" काकू खालून ओरडायच्या. वरून उत्तर यायचं, "आत्ता बोलू नको, मी वीस वर्षांची आहे!"

चित्र काढायला बसले तो दिवस मी पाहिला. कागद भिंतीला लावलेला, जवळपास माणसाच्या उंचीचा. सर आधी कागदासमोर तसे उभे राहिले, शालू बांधून, कोपरं वर, बराच वेळ. मग हात खाली घेतला, पऱ्हाटीचा कोळसा उचलला आणि मुकुटापासून पावलापर्यंत खाली येत गेले. मध्येच थांबायचे, पुन्हा उभे राहायचे, पुन्हा काढायचे. दुपारी जेवायला उठले नाहीत. काकूंनी ताट आणलं आणि दाराशी ठेवून त्याही बघत बसल्या. संध्याकाळी कागदावर ती उभी होती. चाफ्याची फुलं जेमतेम दोन-दोन रेघांची, पण ताजी. बोटं थरथरताहेत असं वाटून मी जवळ जाऊन पाहिलं. एकही रेघ खोडलेली नव्हती.

मी फ्रेम केली नाही. अट होती. कागद तसाच लाकडी फळ्यावर पिनांनी ताणून आम्ही गाडीने धरणगावला नेला. तिसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. हॉलमध्ये भाऊंनी आधीच भिंतीत मोठा खिळा ठोकून ठेवला होता, त्याखाली चित्र टेकवून उभं केलं. भाऊ, त्यांची बायको, काकू, मी आणि सर. भाऊंनी बालीला फोन लावला, व्हिडिओवर. आपल्या लोकांना फिरवून फिरवून गाइडला हिंदी चांगली यायची. त्याने भाचीला बोलावलं. मुकुट नाही, जरी नाही, साध्या टी-शर्टमधली हसरी पोरगी. भाऊंनी मोबाइल चित्रावरून वरून खाली फिरवला.

ती हसायची थांबली. मग मामाला काहीतरी म्हणाली.

गाइड चाचरला. "भाऊ, बोलती है... ये मैं नहीं हूँ."

सरांनी मान हलवली, जणू त्यांना हेच अपेक्षित होतं. ते फळ्याजवळ गेले आणि कागदाच्या वरच्या पिना काढू लागले. काकू म्हणाल्या, "आवो, थांबा ना." ते थांबले नाहीत. दोन पिना निघाल्या. सरांना फाडू नका म्हणायचा अधिकार फक्त त्या मुलीचा होता आणि तिने तर नाही म्हटलं होतं.

तेवढ्यात फोनमधून मुलीचा आवाज आला, घाईघाईने, आणि गाइड ओरडला, "रुको, रुको! पूरा नहीं बोली. बोलती है, ये मैं नहीं, ये नानी है. मेरी माँ. इसको सिखाया उसी ने." मुलगी फोन घेऊन पळाली. आम्हाला पडद्यावर छत, झाड, कोंबडी, पुन्हा छत दिसलं, आणि मग एक म्हातारी बाई दिसली. पांढरे केस घट्ट बांधलेले, कानामागे फूल, ओट्यावर बसलेली. नातीने फोन तिच्या डोळ्यांजवळ नेला. भाऊंनी चित्र पुन्हा दाखवलं. म्हातारीने बारीक डोळे करून पाहिलं, पायांशी आल्यावर बोट केलं आणि खळखळून हसली. मग तिने स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर थाप मारली.

मी चित्राकडे वळून पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. नर्तकीचा डावा गुडघा पुरता वाकलेला नव्हता. सगळा भार उजव्यावर होता, आणि तो सांभाळायला कंबर किंचित जास्त कललेली. सरांचा गुडघा. तो त्यांनी कागदावर तसाच उतरवला होता आणि आमच्यापैकी कोणाच्याही, त्यांच्यासुद्धा, लक्षात आलं नव्हतं.

म्हातारी नातीचा खांदा धरून उठली. ओट्यावरच उभी राहिली, कोपरं वर घेतली, बोटं मागे वळवली. डावा गुडघा अर्ध्यावर अडला, कंबर कलली आणि डोळे झपकन कोपऱ्यात गेले. धरणगावच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून जी उभी होती, तीच तिकडे ओट्यावर उभी होती. भाऊंची बायको नकळत म्हणाली, "अगं माय!"

सरांनी हातातल्या पिना खिशात टाकल्या. चपला काढल्या आणि मोबाइलसमोर येऊन उभे राहिले. जाकीट, धोतर, मिशा, आणि त्यावर बालीचा नाच. म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. नकारार्थी मान हलवली आणि हाताने खूण केली: कोपर वर. सरांनी कोपर वर घेतलं. पुन्हा नकार. हनुवटी आत. सरांनी हनुवटी आत घेतली. माझ्या उभ्या आयुष्यात सरांना कोणी कोपर वर घे म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, गुडघा थरथरत होता आणि ते इतके आनंदात होते की मला रडू आलं. आज सर नाहीत. फोटोवरून गिरवलेलं चित्र कोणी फ्रेमला आणलं की मी फ्रेम करून देते, धंदा आहे. पण डोळ्यांसमोर तो घामेजलेला चेहरा येतो आणि ते काम हातावेगळं करायला माझे हात फटकन चालतात.

शेवटी काकूंनीच त्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. सरांनी श्वास सावरला आणि गाइडला म्हणाले, "माँजी को पूछो, चित्र रखूँ या फाड़ूँ?"

गाइडने विचारलं. म्हातारीने चित्राकडे बघितलंसुद्धा नाही. तिची नजर सरांवरच होती. ती बरंच काही बोलली, मध्ये एकदा स्वतःचं कोपर वर करून दाखवलं.

गाइड हसत म्हणाला, "बोलती है, कागज़ पर जो औरत है, वो ठीक खड़ी है. उसको रहने दो. ये जो आदमी है, ये ठीक नहीं खड़ा. आदमी को बोलो, कल फिर आए."

भाऊ खिळ्याकडे बघत होते, मी सरांकडे. सरांनी जाकिटाची बटणं लावली आणि विचारलं, "कितने बजे?"